तुलनेचा पट्टा

बावीस वर्षं चिमटाबाईनं तण काढलं आणि तेविसाव्या वर्षी तिला तण वाढवायची नोकरी लागली. हसायचं असेल तर हसून घ्या. आधी तिलाही हसूच आलं होतं.

तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथून ते कधी बाहेर पडलं नाही. मळ्यावर सगळे तिला चिमटाबाईच म्हणायचे. बाकीच्या बाया खुरप्यानं तण वरवर छाटायच्या आणि पुढं सरकायच्या. ही अंगठा आणि दोन बोटं मातीत खुपसायची, मुळाचा अंदाज घ्यायची आणि सबंध मूळ, शेवटच्या पांढऱ्या केसासकट, अलगद वर काढायची. तुटलं तर तिला जेवण जायचं नाही. स्ट्रॉबेरीचा तो मळा कंपनीचा होता, पण त्याच्या मातीतलं कोणतं मूळ किती खोल जातं हे कंपनीत फक्त हिला ठाऊक होतं, आणि कंपनीला त्याची काडीचीही किंमत नव्हती.

बारा बायांची टोळी होती. टोळीची पुढारी तिची नणंद. नणंदेचा आवाज असा, की मळ्याच्या या टोकाला तिनं कुणाला शिवी घातली तर त्या टोकाचं पाखरू उडायचं.

मग पेपर आला.

त्याला पेपर म्हणायचं, पण असतं ते प्लास्टिक. एका ट्रकमधून त्याचे रोल उतरले, वरून चांदीसारखे चकचकीत, खालून कोळशासारखे काळे. त्यांच्यासोबत एक नवा साहेबही उतरला. त्याच्या बोलण्यात दर चौथ्या वाक्याला मायक्रॉन यायचा, म्हणून दुपारच्या आत त्याचं नाव मायक्रॉन साहेब पडलं.

"हा तीस मायक्रॉन जाडीचा मल्चिंग पेपर," बायांना गोल बसवून तो म्हणाला. "गादीवाफ्यावर अंथरायचा, कडा मातीत दाबायच्या. एकेक फुटावर भोक पाडायचं, भोकात झाड लावायचं. बाकी सगळा अंधार. अंधारात तण जगत नाही."

"मग आम्ही कुठं जगायचं?" नणंदेनं विचारलं.

"प्रश्न शेवटी," साहेब म्हणाला. आणि शेवटी वेळ उरला नाही.

तो पेपर अंथरला कुणी? याच बारा जणींनी. तीन आठवडे रोल ढकलले, ताण देऊन ओढले, कडांवर माती लोटली, तापवलेल्या डब्यानं भोकं पाडली, बोटं भाजून घेतली. काम इतकं चोख झालं, की साहेबानं फोटो काढले. फोटोत बाया नव्हत्या, पेपर होता. त्याच संध्याकाळी त्यानं सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. आपल्या हातांनी आपल्याच भाकरीवर पेपर ओढला होता आणि वर कडाही नीट दाबल्या होत्या.

अकरा जणींना घरी पाठवलं. चिमटाबाईला मात्र ऑफिसात बोलावलं.

"नुसता पेपर टाकून चालत नाही बाई," साहेब म्हणाला. "पेपर फुकट देणारी एक समिती आहे. पेपर नसता तर काय झालं असतं, हे त्यांना दाखवावं लागतं. म्हणून मधोमध एक पट्टा उघडा ठेवलाय. तुलनेचा पट्टा. तिथं तण येणार. समिती इकडं बघणार, तिकडं बघणार, फरक दिसला की पेपर पास."

"मग मी काय करायचं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"तण येऊ द्यायचं. हात लावायचा नाही. पगार चालू. पेपर पास झाला तर तुम्ही कायम, क्वार्टरची खोलीही कायम."

"आणि तण नाही आलं तर?"

साहेब हसला. "तण आहे ते बाई. न येऊन जाईल कुठं?" मग हसणं आवरून म्हणाला, "पण नाहीच आलं, तर मग तण नसलेल्या मळ्यावर तणवाली कशाला ठेवायची? तुम्हीच सांगा."

घरी नवरा होता, पाठीच्या दुखण्यानं दोन वर्षं खाटेला खिळलेला. ती खोली गेली तर खाट कुठं टाकायची? तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि जे येत होतं ते आता करायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नळावर नणंद भेटली. हंडा खाली ठेवून कमरेवर हात.

"काय राणीसाहेब, आज किती तण नाही काढलंत?"

"वन्सं, मी मागायला गेले नव्हते."

"तू कशाला मागशील? तुला घरी येऊन देतात. आम्ही मेल्या वरवर छाटणाऱ्या. तुझी नाजूक बोटं ना!"

रांगेतल्या बाया हसल्या. चिमटाबाईनं अर्धा भरलेला हंडा उचलला आणि निघाली. तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण अकरा जणी घरी होत्या आणि ही पगारावर. नणंदेच्या बोलण्यात खोट होती, पण खोटं नव्हतं.

पट्टा शंभर फूट लांब, पंधरा फूट रुंद. ती बांधावर जाऊन बसायची आणि बघायची. आठवडा गेला. माती उघडी, भुसभुशीत, काळीभोर, आणि तीत हिरवं म्हणून डोळ्यात घालायला नाही. दुसरा आठवडा गेला. साहेब रोज सकाळी यायचा, चष्मा वर करून बघायचा, खाली करून बघायचा.

सोळाव्या दिवशी पट्ट्याच्या मध्यावर केन्याचं एक रोप दिसलं. दोन पानं, बोटाच्या पेराएवढी. नोकरीचा पहिला कोंभ तो! ती जवळ गेली, नीट बघावं म्हणून वाकली, आणि बघेपर्यंत ते रोप तिच्या हातात होतं. मुळासकट. शेवटच्या पांढऱ्या केसासकट.

मग तिनं बोटानं खड्डा केला, रोप परत लावलं, ओंजळीनं पाणी घातलं, आपल्या पदराची सावली धरून दुपारपर्यंत तिथंच बसली. संध्याकाळी रोप मेलं. ते मेल्यावर तिला रडू आलं. एका केन्यासाठी! जे तिनं उभ्या आयुष्यात लाखांनी उपटले होते त्यातल्या एकासाठी.

त्यानंतर ती हात मांडीखाली दाबून बसू लागली. अकरा दिवसांत चार कोंभ आले. दोन तिच्याच हातांनी उपटले, एक पाखरानं खाल्ला, आणि चौथा निरखून पाहिला तर स्ट्रॉबेरी निघाली.

साहेबाची पाचावर धारण बसली. समिती यायला दोन महिने उरले होते.

"बाई, तुम्ही या जमिनीचं केलंत तरी काय?"

"बावीस वर्षं जे सांगितलं ते केलं."

"पण इतकं? थोडं तरी बी पडू द्यायचं!"

"बी पडायच्या आत काढायचं, हे तुमच्याच ऑफिसात लिहिलंय. भिंतीवर. मोठ्या अक्षरात."

साहेबानं तो फलक उतरवून कपाटामागे ठेवला. मग दोन दिवस विचार केला. शिकलेला माणूस विचार करायला बसला की बाकीच्यांनी आपापली भांडीकुंडी उचलून सुरक्षित जागी ठेवावीत. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "तण येत नसेल तर आणावं लागेल. बाहेरून. चांगल्या प्रतीचं."

"तणाची प्रत?"

"म्हणजे टिकाऊ. भरदार. समितीला लांबूनसुद्धा दिसेल असं."

चांगल्या प्रतीचं तण पंचक्रोशीत एकाच जागी होतं, आणि ते चिमटाबाईला साहेबापेक्षा आधी आठवलं होतं. नणंदेचं अर्धा एकर रान. दुसऱ्याचा मळा निंदता निंदता तिला स्वतःच्या रानाकडं बघायला कधी फावलंच नव्हतं. केना, लव्हाळा, हराळी, काटेमाठ, गाजरगवत, सगळं कमरेएवढं, वाऱ्यावर डोलणारं. दृष्ट काढावी असं.

ती नणंदेच्या दारात जाऊन उभी राहिली. नणंद जोत्यावर बसून पायाच्या टाचा घासत होती. तिनं मान वर केली नाही.

"वन्सं, एक मागायचं होतं."

"बोल."

"तुमच्या रानातलं तण हवं होतं."

घासणं थांबलं. "काय हवंय?"

"तण."

"मोठ्यानं बोल गं. कानात दडा बसलाय माझ्या."

"तण हवंय!" चिमटाबाई ओरडली. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या.

नणंद इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि एकदम व्यवहारी झाली. "किती हवंय?"

"सहाशे रोपं. मुळासकट."

"नाही जमायचं."

"का?"

"न्यायचं तर सगळं न्यायचं. निवडून न्यायला माझं रान काय दुकान आहे? बांधापासून बांधापर्यंत एकूण एक काडी. मूळ तुटलं तर सौदा मोडला. आणि 'कृपा करा वन्सं' असं म्हणायचं."

"कृपा करा वन्सं."

"खिडकीतल्यांना ऐकू नाही गेलं."

आठ दिवस चिमटाबाई त्या रानात खपली. सहाशे रोपं मातीच्या गड्ड्यासकट उचलून पाट्यांत भरली, उरलेलं उपटून बांधावर टाकलं. नणंद छत्री घेऊन बांधावर बसली होती. "तो कोपरा राहिला. अगं, त्या दगडामागं हराळी आहे, ती काय पाहुणी म्हणून ठेवलीस?" आठव्या दिवशी अर्धा एकर रान आरशासारखं लख्ख झालं होतं. नणंदेनं त्यात चप्पल काढून एक फेरी मारली आणि घरी गेली.

तण पट्ट्यात लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सहाशेच्या सहाशे रोपांनी माना टाकल्या. बाहेर कुणाच्या बापाला न जुमानणारं तण, इथं माणसानं हातानं लावलं, पाणी पाजलं, तर चार तासांत रुसलं.

साहेब धावत आला. एक गड्डा उचलून त्यानं माती चुरगाळली. "ओल टिकत नाही. ऊन थेट मुळांवर येतंय. पेपर टाका."

चिमटाबाईला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. "साहेब, या पट्ट्यात पेपर नाही, म्हणून तर हा पट्टा आहे."

"बाई, तुम्हाला तण जगवायचंय की नाही?"

"जगवायचंय."

"मग वाद घालू नका. पेपरनं ओल टिकते, मुळं गार राहतात, भोवती तण येत नाही."

"तणाभोवती तण?"

"स्पर्धा नको त्याला!" साहेब कळवळून म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरोखर माया होती.

म्हणून तुलनेच्या पट्ट्यात तीन गादीवाफे पडले, दोन-दोन ओळींचे. ठिबकची नळी आली. वर तीस मायक्रॉन. एकेक फुटावर भोक, भोकात केना, पुढच्या भोकात लव्हाळा, त्याच्यापुढं काटेमाठ. विरघळणारं खत नळीतून. चार दिवसांत माना वर. पंधरा दिवसांत फुटवे. महिनाभरात असं काही तरारलं, की रस्त्यानं जाणारे लोक सायकल थांबवून विचारायचे, कोणतं पीक म्हणायचं हे?

चिमटाबाई सकाळी सहाला पट्ट्यात असायची. पिवळं पान दिसलं की खुडायची. गाजरगवताला काठीचा आधार द्यायची. काटेमाठावरची अळी वेचायची, हाताला काटे टोचले तर त्यालाच बोलायची, "लाड करते म्हणून डोक्यावर बसतोस काय रे?" संध्याकाळी खाटेवरचा नवरा विचारायचा, "आज कसं आहे?" आणि ती सांगायची, "लव्हाळ्याला पाण्याची जरा ओढ बसलीय." मग दोघंही दचकायची. आपण काय बोललो ते कानावर आल्यावर.

आणि उरलेला मळा? तिथं पेपर होता. साहेबाच्या मते पेपर असला की झालं. पण स्ट्रॉबेरीला रनर फुटतात, दोरीसारख्या लांब फांद्या. त्या वेळच्या वेळी कापाव्या लागतात. पूर्वी बाया तण काढता काढता त्या कापायच्या, सुकलेली पानं खुडायच्या, फळाखाली पाणी साचलं असेल तर बोटानं वाट करून द्यायच्या. यातलं काहीच कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते काम होतं हे साहेबाला माहीतच नव्हतं. आता रनर पेपरवरून पळत पळत वाफ्यांमधल्या सऱ्यांत उतरले, जिथं माती दिसली तिथं मूळ धरलं. प्रत्येक सरीत रोपांची दाटी झाली. भोकांतली मूळ झाडं खंगली, फळ बोराएवढं आलं. शिवाय मूळच्या लव्हाळ्याच्या दोन-चार गाठी कुठं खोल राहिल्या होत्या, त्यांनी खालून पेपरला सुईसारखी टोकं लावून तो आरपार फाडला.

"साहेब, लव्हाळा पेपर फोडून आलाय."

"शक्य नाही. तीस मायक्रॉन आहे."

"या की बघायला."

"बघायची गरज नाही बाई. तीस आहे म्हटल्यावर शक्य नाही."

समिती आली. तिघं जण. चष्मेवाल्या मॅडम, त्या प्रमुख. एक टेपवाला, तो सारखा काहीतरी मोजत होता, अगदी ऑफिसचं दारसुद्धा. तिसऱ्याकडं नियमांचं पुस्तक होतं आणि मान डोलावण्याचं काम.

साहेब त्यांना थेट तुलनेच्या पट्ट्याकडं घेऊन गेला. आता फरक दिसणार, म्हणून तो चवड्यांवर चालत होता. चिमटाबाई बांधावर उभी. हात पाठीमागं, एकानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं.

मॅडम थांबल्या. त्यांनी छातीएवढ्या काटेमाठावर हात फिरवला. "वा!" त्या म्हणाल्या. "काय जोमदार पीक आहे!"

साहेबाचा चेहरा खर्रकन उतरला. "मॅडम, हे नाही... म्हणजे हा पट्टा तुलनेचा..."

"व्याख्या वाचा," मॅडम पुस्तकवाल्याला म्हणाल्या.

त्यानं वाचलं. "पेपरच्या भोकात वाढते ते पीक. भोकाबाहेर वाढते ते तण." आणि मान डोलावली.

टेपवाला पट्ट्यात शिरला. वीस मिनिटांनी बाहेर आला. "भोकं सहाशे. झाडं सहाशे. भोकाबाहेर काही नाही."

"काहीच नाही?"

"एक काडी नाही."

"आणि ते तिकडचं?" मॅडमनी मळ्याकडं बोट केलं.

टेपवाला तिकडं गेला. तो तासभर आला नाही. आला तेव्हा त्याच्या पायात रनर अडकलेले होते आणि तो घामाघूम झाला होता. "मोजता येत नाही. भोकाबाहेर इतकं माजलंय की पेपर दिसत नाही. आणि मॅडम, तेच तण भोकांतसुद्धा घुसलंय."

"भोकात घुसलं? मग पिकाला जागा कुठं राहणार?" मॅडम हळहळल्या. त्यांनी फॉर्म पुढं ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. "ठीक आहे. या पट्ट्यातल्या पिकाचं नाव सांगा."

साहेबानं चिमटाबाईकडं पाहिलं. नजरेत शुद्ध भीक होती. काहीतरी नाव सांग बाई. कुठलंही. पाला म्हण, औषधी म्हण, परदेशी म्हण.

चिमटाबाईला सगळं स्वच्छ दिसत होतं. खोटं नाव सांगितलं तर पेपर पास, नोकरी कायम, खोली कायम, नवऱ्याची खाट जिथं आहे तिथं. खरं सांगितलं तर मॅडम फॉर्म फाडणार, साहेब जाणार, आणि तो जाता जाता हिला आधी घालवणार. तिनं तोंड उघडलं ते खोटं बोलायलाच. देवाशप्पथ, खोटं बोलायलाच उघडलं होतं. पण केन्याला, लव्हाळ्याला, गाजरगवताला दुसरं एकही नाव तिच्या जिभेवर येईना. ज्याची मुळं बावीस वर्षं बोटांनी चाचपली, त्याला आता काय तोंडानं दुसरं म्हणायचं?

"तण," ती म्हणाली.

साहेबानं डोळे मिटले.

"काय?" मॅडम.

"तण आहे ते बाईसाहेब. सगळंच्या सगळं तण. मी माझ्या नणंदेच्या रानातून आणून लावलंय. आणि तिकडं जे आहे ती स्ट्रॉबेरी. खायची. तिला बघायला कुणी ठेवलं नाही, म्हणून ती माजली. यात पेपरचा दोष नाही आणि पेपरचं कौतुकही नाही. याला मी हात लावला आणि त्याला कुणी लावला नाही, एवढंच."

मॅडमनी चष्मा पुसला, परत लावला.

"तण, म्हणजे एकाच जातीचं?"

"नाही. चार-पाच जातींचं."

मॅडमनी लिहिलं, बोलत बोलत. "पीक, तण. प्रकार, मिश्र. रोपांचा स्रोत, स्थानिक." त्यांनी वर पाहिलं. "उत्पादन चांगलं आहे. देखभाल उत्तम. बाई, असे स्पष्ट बोलणारे शेतकरी आम्हाला फार कमी भेटतात."

"अहो, पण मी म्हणतेय की..."

"नोंद घेतली आहे." पुस्तकवाल्यानं मान डोलावली.

पेपर पास झाला. ढोल वाजवावेत असा पास झाला. समितीनं जागेवर शिफारस केली, की पट्ट्यातला यशस्वी प्रयोग पुढच्या हंगामात सबंध मळ्यावर करावा, आणि त्यासाठी मळ्यातलं सध्याचं तण, भोकांतल्या घुसखोरीसह, आठ दिवसांत समूळ काढावं. गाडी गेल्यावर साहेब बराच वेळ हातातल्या कागदाकडं बघत उभा राहिला. चुकलंय हे त्याला कळलं असेल का? एक क्षणभर कळलं असावं. मग खालच्या शिक्क्यावर नजर गेली आणि चेहऱ्यावर परत रंग आला.

"अभिनंदन बाई. तुम्ही कायम."

"साहेब, ती स्ट्रॉबेरी आहे."

"होती," साहेब म्हणाला. "आता कागदावर तण आहे. टोळी बोलवा. आठ दिवस रोजंदारी. आणि हे बघा, ही अट वाचून दाखवतो. काढलेल्या तणाची विल्हेवाट कामगारांनी स्वतः लावायची. कंपनी त्यासाठी काही देणार नाही."

"कंपनीला त्यातलं काहीच नको?"

"तण घेऊन कंपनी काय करणार?"

"असं लिहून देता?"

त्यानं लगेच लिहून दिलं. सही केली, तारीख टाकली.

चिमटाबाई तो कागद मुठीत धरून चालत सुटली. खोलीवर गेली नाही, थेट नणंदेचं दार. नणंद जोत्यावर होती.

"आता काय हवंय? दगड?"

"वन्सं, तुमचं रान अजून रिकामंच आहे ना?"

"तू पुसून नेलंस. रिकामं नाही तर काय भरलेलं असणार?"

चिमटाबाईनं कागद पुढं केला. नणंदेला वाचता येत होतं, पण हळू. तिनं ओळीवर बोट ठेवून वाचलं, मग परत पहिल्यापासून वाचलं. मग तिनं मान वर केली आणि कितीतरी महिन्यांनी आपल्या भावजयीकडं सरळ पाहिलं.

"यांचं डोकं फिरलंय," ती म्हणाली.

"हो."

"पुरतं?"

"शिक्क्यासकट."

नणंद उठली, अंगणात आली आणि आपल्या त्या आवाजात एकेकीचं नाव घेऊन हाक मारू लागली. गल्लीतली पाखरं उडाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा जणी मळ्यात ओळीनं बसल्या. खुरपी कुणीच आणली नव्हती. प्रत्येकीजवळ लहान फावडं, टोपलं आणि पाण्यात भिजवलेलं गोणपाट. सरीतलं एकेक रोप भोवतालच्या मातीच्या गड्ड्यासह उचलायचं, गड्डा फुटू द्यायचा नाही, गोणपाटात गुंडाळायचं, टोपल्यात उभं ठेवायचं. चिमटाबाई ओळीमागून फिरत होती. "वरवर नको गं. खाली बोट घाल. अजून खाली. हां, आता उचल."

साहेब छत्री घेऊन आला. थोडा वेळ बघत राहिला.

"उपटत का नाही? खणताय कशाला?"

"समूळ काढायचंय ना साहेब? उपटलं तर मूळ तुटतं, राहिलेल्या मुळातून परत फुटतं. मग समिती काय म्हणेल?"

साहेबानं विचार केला. "बरोबर. खणा. पण गोणपाट कशाला?"

चिमटाबाई पुढच्या रोपावर वाकली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, ते काल सगळ्यांनी पाहिलंच होतं. उत्तर नणंदेनं दिलं.

"साहेब, हे तण फार द्वाड. उघडं नेलं तर वाटेत त्याचं बी उधळतं. रस्ताभर उगवेल. लोक कंपनीला नावं ठेवतील."

"अरे बाप रे!" साहेब म्हणाला. "आणि ओलं का?"

"ओलं असलं की गुदमरतं."

त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

चार दिवसांत मळा रिकामा झाला. टोपली वाहून बायांच्या माना मोडायची वेळ आली, तेव्हा साहेबानं स्वतःहून कंपनीचा ट्रॅक्टर दिला, कारण आठ दिवसांचं काम लवकर संपवलं तर त्याचंच नाव होणार होतं. शेवटची ट्रॉली भरली. हजारो गड्डे एकाला एक लावून उभे, वर ओली गोणपाटं, त्यांवर बसलेल्या अकरा बाया. नणंदेनं आपल्या शेजारी जागा केली आणि मांडीवर थाप मारली, तशी चिमटाबाई वर चढली.

ट्रॅक्टर हलला, तसा पहिल्याच खड्ड्यात जोराचा हिसका बसला. चिमटाबाई गोणपाटावर आडवी पडली, दोन्ही हात पसरून.

"काय झालं?" साहेब मागून पळत आला. एक कोपरा उडाला होता, तो त्यानं स्वतःच्या हातानं खाली ओढला आणि नीट खोचला.

"हिसक्यानं गड्डे फुटतात साहेब," चिमटाबाई म्हणाली. या वेळी ती खरंच बोलत होती. "गड्डा फुटला की संपलंच."

"संपलंच म्हणजे? पसरणार?" साहेब गांगरला. ती काही म्हणायच्या आतच तो छत्री उगारून ट्रॅक्टरच्या पुढं धावला आणि ड्रायव्हरवर खेकसला, "सावकाश चालव रे गाढवा! मागं तण आहे!"